उसवायचं कुठपर्यंत?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कशिद्याचा, म्हणजे धारवाडकडच्या मोजून भरायच्या भरतकामाचा, फोटो मोठा करकरून पाहिला. गोपुराचा कळस मधोमध बसत नाही, एका धाग्याने उजवीकडे गेलाय, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. ‘एवढंसं कुणाला दिसतंय’ असं घरचे म्हणाले, तेही बरोबरच असेल. त्यांना नाहीच दिसणार. पण तुला दिसलंय, आणि आता त्या नमुन्याकडे नुसतं बघितलं तरी तुझी नजर आधी तिथेच जाणार. तेव्हा ‘उसवू का?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: हो, उसवावं लागेल. सगळं नाही. कुठपर्यंत, ते शोधू. हत्तीला मात्र हात लावू नकोस, त्याच्याविषयी पुढे लिहिते.

तुझं कापड इंचाला २८ धाग्यांचं आहे आणि प्रत्येक टाका तू दोन धाग्यांवर घेतेस. म्हणजे सुई कायम एकाआड एक छिद्रात पडायला हवी. कुठेतरी एकदा दोनाऐवजी तीन धागे उचलले गेले, आणि तिथून पुढचा प्रत्येक टाका नीट दोन धाग्यांचा असूनही नको त्या छिद्रात पडत गेला. मोजून भरायच्या कामात संताप येतो तो याचा. चूक एकाच टाक्याची, आणि तिच्यानंतर मन लावून घातलेले शेकडो निर्दोष टाके तिच्यापायी वाया.

ती शोधायला फिकट निळा शिवणदोरा घे. गोपुराच्या पायथ्याचा मध्य काढ आणि तिथून सरळ वर एक उभा धावदोरा घाल: दहा धागे वर, दहा धागे खाली. मग दोन्ही बाजूंना दर वीस धाग्यांवर एकेक, आणि आडवेही तसेच. प्रत्येक चौकटीच्या कडेवर दहा टाके बसले पाहिजेत. जिथे बसत नाहीत, तिथे तुझा तिसरा धागा लपलाय. माझा संशय तिसऱ्या मजल्याच्या डाव्या खांद्यावर आहे, मुरगीच्या, म्हणजे नागमोडी चढत जाणाऱ्या टाक्याच्या, पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे. पायऱ्या भरताना दिशा दर टाक्याला बदलते, आणि त्याच वेळी कुणीतरी हाक मारतं.

हे धावदोरे सुरुवातीलाच घाल म्हणून सांगितलं होतं. ‘कापड घाण दिसतं’ म्हणालीस. सगळेच टाळतात, कारण एक अख्खी संध्याकाळ जाते आणि दाखवायला काहीच नसतं. आणखी एक. तू डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केलीस, कारण काम पुढे सरकताना दिसतं. दोन्ही बाजूंना सारखा असलेला नमुना नेहमी मध्यापासून दोन्हीकडे वाढवावा. म्हणजे चूक झाली तरी लवकर उघडी पडते, कळसापर्यंत थांबावं लागत नाही.

आता उसवणं. सुई ओवलेलीच ठेवून उलट्या वाटेने मागे जायचा मोह होईल. नको. सुई मागे जाताना दोऱ्याचेच पदर फोडते आणि गुंता होतो. दोरा सुईतून काढून टाक. काम पालथं कर, छोट्या टोकदार कात्रीने मागून दर तीन-चार टाक्यांवर दोरा काप, आणि तुकडे चिमट्याने पुढून उचल. सुईच्या नेढ्याच्या बाजूने टाका सैल करून घेतलास तर कापडाला इजा होत नाही. लाल दोऱ्याचे बारीक तंतू पांढऱ्या कापडावर राहतात, ते चिकटपट्टीने हलकेच टिपून घे. छिद्रं मोठी दिसली तर त्यांच्यावरून नख आडवं-उभं फिरव, धागे परत जागेवर येतात. आणि उसवलेला दोरा पुन्हा वापरू नकोस, कितीही जीव तुटला तरी. एकदा कापडातून गेलेला दोरा पिसतो, त्याची चमक जाते, आणि नव्या टाक्यांशेजारी तो जुनाट दिसतो.

टोकदार सुई टाकून बोथट सुई घे, असं मी तुझ्या मागे लागले होते ते याचसाठी. बोथट सुई धाग्यांमधून वाट काढते, धागा भोसकत नाही. भोसकलेला टाका उसवताना कापडच वर येतं.

तुझी दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची वाटली. ‘गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, पण माझ्या मागच्या बाजूला लांब उड्या पडतात.’ पडणारच, कारण तू भरायला बसतेस पण वाट ठरवत नाहीस. गवंती म्हणजे जाताना धावदोरा आणि येताना राहिलेल्या मोकळ्या जागा भरणं. सरळ रेषेत हे कुणालाही जमतं. गोपुरात मात्र ठिकठिकाणी फाटे फुटतात: कोनाडे, कंगोरे, बाजूचे छोटे कळस. तू मुख्य रेषा पुरी करतेस, मग ‘राहिलं की’ म्हणून मागून उडी मारून कोनाड्यात जातेस. तसं करायचं नाही. फाटा आला की हमरस्ता सोडून बोळात शिरायचं, बोळाच्या टोकापर्यंत जायचं, त्याच बोळातून परत यायचं आणि मग पुढे चालू लागायचं. जाण्यायेण्याचे टाके मिळून नेहमी समच होतात. त्यामुळे फाट्यावर परतलीस की सुई कापडाच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला असते, आणि मुख्य रेषेचा ‘एक वर, एक खाली’ हा क्रम मोडत नाही. बोळाला आणखी बोळ असला तरी नियम तोच. यामुळे एकसंध जोडलेला कुठलाही नमुना, कितीही गुंतागुंतीचा असला तरी, एका वाटेने सुरू करून त्याच ठिकाणी परत येऊन संपवता येतो. तू गणित शिकलीस. हे का होतं ते तू माझ्यापेक्षा चांगलं मांडशील.

म्हणून आधी आलेखवहीवर पेन्सिलने वाट काढ. बाण दाखव. हे काम मला तरी भरण्याइतकंच आवडतं. कधी कधी जास्तच.

परतीच्या टाक्यांना अजून एक खोड असते. रेषा सरळ न दिसता करवतीसारखी दातेरी होते. सुई वर काढताना आधीच्या टाक्याच्या कायम एकाच अंगाने काढ, आणि खाली घालताना कायम दुसऱ्या अंगाने. हे अंग मध्येच बदललं की दाते पडतात. गाठ कुठेच नाही, हे तुला सांगायला नको. सुरुवातीचं शेपूट दोन बोटं मोकळं सोड आणि परत येताना टाक्यांत ओवून टाक. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत पुरे. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही, नुसते वेटोळे पडतात.

तू लिहिलंस की ‘सगळे म्हणतात भरतकामाने मन शांत होतं, मला तर डोकं फिरल्यासारखं होतं’. ज्यांना शांत वाटतं त्यांनी बहुतेक छापलेली फुलं भरली असावीत! कशिद्यात कापडावर काही छापलेलं नसतं, काही रेखलेलं नसतं. सगळं मोजणीवर. नवशिक्या माणसाला यात शांतता मिळत नाही आणि ती मिळवायच्या मागेही लागू नये. मिळतं ते वेगळंच. परतीच्या वाटेवर तुटक रेषा एकेका टाक्याने सांधत जाते, शेवटचा टाका पहिल्या छिद्रात अचूक पडतो, तू कापड उलटतेस आणि मागेही तोच तुळशीवृंदावनाचा चौथरा असतो. तू ती छोटी दिव्याची पणती भरलीस तेव्हा हे झालं होतं. रात्री उशिरा फोन केला होतास, आठवतंय? मी झोपले होते, पण राग आला नाही.

नेयगीत, म्हणजे विणल्यासारख्या दिसणाऱ्या साध्या धावदोऱ्याच्या भरणीत, मात्र मागेपुढे सारखं होत नाही. पुढे जिथे दोरा तिथे मागे रिकामं, आणि उलट. ते तसंच असतं, त्यात तुझं काही चुकत नाही. मेंथीचंही तेच, ती फुलीच्या टाक्यांची भरणी आहे. मागची बाजू नीटनेटकी ठेव म्हणजे झालं. दोन्ही बाजूंनी सारखेपणाचा हट्ट गवंती आणि मुरगी या दोघींपुरताच.

आता हत्ती. अंबारीच्या उजव्या हत्तीची सोंड डाव्यापेक्षा एका टाक्याने आखूड झालीय. गोपुरात रेषा बंद व्हायची असते, एक धागा सरकला की पुढचं सगळं सरकतं. सोंडेचं टोक मोकळं आहे, तिच्यावर पुढे काहीच अवलंबून नाही. चुकीचा टाका बाकीच्यांना ओढत नेतो का, एवढंच बघायचं. नेत असेल तर उसव, नसेल तर राहू दे. तुला तेवढ्यासाठी हत्तीचं अख्खं डोकं काढायचंय, कारण जोडी हुबेहूब नाही. हत्तींच्या सोंडा एका मापाच्या असतात असं कुणी सांगितलं?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक नावाच्या बाईचा नमुना आहे. तिने स्वतःचं नाव आणि १५९८ हे साल टाक्यांनीच लिहून ठेवलंय. इंग्लंडचा साल घातलेला सर्वांत जुना नमुना म्हणून तो ओळखला जातो. त्यावर तिने एका मुलीच्या जन्माची नोंदही भरलीय: ॲलिस ली, २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवार, दुपारनंतरची वेळ. कुत्रा आहे, हरीण आहे, साखळीने बांधलेलं अस्वल आहे, आणि खाली नक्षीचे तुकडे दाटीवाटीने, एकाला दुसऱ्याचा मेळ नाही. त्याच कापडावर काही आकृत्या उसवल्याच्या खुणा आहेत, आणि त्यांतली एक आहे पाठीवर गढी घेतलेला हत्ती. का उसवला ते तिलाच ठाऊक. तुझा अंबारीचा हत्ती पाहिला तेव्हा मला तीच आठवली. तिकडच्या बायकाही आपल्या गवंतीसारखाच दुहेरी धावदोरा घालत. होल्बाइन या चित्रकाराने १५३६ च्या सुमारास राणी जेन सीमोर रंगवली, तिच्या बाहीच्या कफवर तशी काळी नक्षी दिसते, आणि पुढे त्या टाक्याला त्या चित्रकाराचंच नाव चिकटलं. भरणाऱ्या बायकांची नावं राहिली नाहीत, चित्र काढणाऱ्याचं राहिलं. असो.

जेन बॉस्टॉकचं कापड मी तुला सांगते आहे ते तिच्या दाटीवाटीसाठी. असे नमुने भिंतीवर टांगायला केलेले नसत, ती टाक्यांची वही असे. नवी नक्षी दिसली की कोपऱ्यात भरून ठेवायची, हवी तेव्हा उलगडून पाहायची. तू पहिल्याच दिवशी फ्रेमचं माप घेऊन आलीस आणि चारही बाजूंना सारखी जागा सोडलीस, तेव्हापासून मला जरा धास्तीच होती. फ्रेम करायची तर कर, पण मागे पुठ्ठा चिकटवू देऊ नकोस. पाठ बघता येत नसेल तर कशिदा अर्धाच दिसतो. धारवाडकडच्या जाणत्या बायका पदर हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करून बघतात.

यानंतर थेट काळ्या इरकलीवर भरायचं म्हणतेस. जरूर भर. चंद्रकळेवरचा कशिदा हे या कलेचं माहेर आहे. पण साडीचं कापड तुझ्या या कापडाइतकं सरळमार्गी नसतं. आधी एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोज. फरक असेल तर चौकोनी वृंदावन उंच किंवा बसकं होणार, आणि ते आलेखवहीवर आधीच धरून चालावं लागतं. काळ्यावर छिद्रं दिसत नाहीत म्हणून मांडीवर पांढरा टॉवेल पसर, खालून उजेड आल्यासारखं होतं. काम दिवसा कर. धागे मोजता येतच नसतील तर वर जाळी टाचून भरतात आणि नंतर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. त्यात कमीपणा नाही, पण काढताना टाके सैल पडतात, म्हणून आधी चिंधीवर करून बघ. आणि मोठी नक्षी पदराजवळ ठेव, खाली उतरता उतरता लहान आणि विरळ होऊ दे. जुन्या साड्यांत तसंच असतं, आणि नेसल्यावर ते का ते कळतं.

‘मशीनवर होतं की हे’ म्हणणाऱ्या तुझ्या काकांना सांग, मशीनला वर एक दोरा आणि खाली बॉबिनचा दुसरा लागतो. एकाच दोऱ्याने जाऊन परत येणं तिला जमत नाही. विकत किती जाईल हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्याला उत्तर देत बसू नकोस.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस. गोपुर पुन्हा भरायच्या आधी त्या लाल दोऱ्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेव. रंग उतरला तर ती लड बाजूला काढ आणि दुकानातून दुसरी आण. जाताना जुनी लड बरोबर ने, क्रमांक तोच असला तरी रंग दिवसाच्या उजेडात ताडून घे. धावदोरे घालून झाले की मला कामाच्या पाठीचा फोटो पाठव. तिसऱ्या मजल्यापासून वर उसवायचं की दुसऱ्यापासून, ते मी पाठ बघून सांगते. तोवर कात्री लावू नकोस.

तुझी,
बाई