हाताने बनवलेल्या हत्यारपेटीच्या खणांना कुठली हँडलं लावावीत?

तुम्ही विचारलंय की सागवानाची टूल चेस्ट बनवून झाली आहे, सहा खण आहेत, वरचे जेमतेम दीड इंच उंचीचे आणि तळाचा चार इंची. आता पितळी रिंग लावू, किचनच्या ट्रॉलीला असतात तशी काळी लांब हँडलं लावू की लाकडी नॉब? आणि ठाण्यात राहून हे सामान कुठे शोधायचं?

आधी सरळ उत्तर देतो. वरच्या उथळ खणांना छोटे पितळी नॉब आणि खालच्या जड खणांना दोन स्क्रूंची पितळी हँडलं. काळी लांब हँडलं नकोत. रिंग लावायची की नाही हे पेटीला पुढून झडप, म्हणजे सगळे खण झाकणारी फळी आहे का, यावर ठरेल. लाकडी नॉब मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात, पण त्यासाठी लेथ, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं यंत्र, हाताशी हवा.

बहुतेक जण दुकानात हँडल हातात घेऊन ‘दिसतंय कसं’ एवढंच बघतात. मी म्हणेन, तुमच्या पेटीतला सगळ्यात जड खण आणि वर्षातला सगळ्यात वाईट महिना डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे तो जुलै किंवा ऑगस्ट. खाडीची हवा, दोन-दोन आठवडे ऊन नाही, लाकडाने ओल धरलेली. फेब्रुवारीत तुम्ही रंधा मारून अगदी चपखल बसवलेला खण तेव्हा फुगून अडतो आणि माणूस हँडलला धरून हिसके देतो. हँडल तुटतं किंवा उपटतं ते तेव्हा. म्हणून आधी खण दोन्ही बाजूंनी थोडा मोकळा करा, खालच्या पट्ट्यांना साधी मेणबत्ती घासा आणि मगच हँडलाचा विचार करा.

वजनाचं म्हणाल, तर लोखंडी चार नंबरचा रंधा एकटाच दीड किलोच्या वर भरतो. तळाच्या खणात असे दोन-तीन रंधे आणि वर पाने-पकडी ठेवल्या, की तो सहा-सात किलोंचा झाला. मागे लाकडात रुतणाऱ्या स्क्रूची शेपटी असलेला आणि पुढून नुसता पिळून बसवायचा नॉब अशा खणाला लावू नका. आरपार बोल्ट, आतून वॉशर, हेच टिकतं. वरच्या खणांत पटाश्या, गुण्या, ड्रिल बिट असलं हलकं सामान असतं, तिथे 15 ते 20 मिमी व्यासाचा नॉब भरपूर झाला. दीड इंची पाटीवर, म्हणजे खणाच्या पुढच्या फळीवर, त्याहून मोठा नॉब बसवला तर वरच्या खणाचं सामान काढताना बोटं खालच्या नॉबला लागत राहतात.

एक हँडल की दोन? खण साध्या लाकडी पट्ट्यांवर सरकत असेल तर मधोमध एकच लावा, साधारण दीड फूट रुंदीपर्यंत तरी. दोन लावली की एका हातात हत्यार असताना आपण एकच ओढतो, खण तिरका होतो आणि अडकतो. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे खणाच्या बाजूंना लावायच्या धातूच्या सरकत्या पट्ट्या असतील तर हा त्रास कमी, पण हाताने बनवलेल्या पेटीत चॅनेल घालणं म्हणजे पैठणीवर सेफ्टी जॅकेट.

आता धातू. बाजारात ‘अँटिक ब्रास फिनिश’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं, वर पितळी रंगाचा मुलामा. दुकानदार त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. चुंबक लावून फक्त लोखंड पकडता येतं, जस्त नाही. म्हणून हँडल उलटं करा आणि स्क्रूच्या भोकाची कड नखाने किंवा किल्लीने हलकेच खरवडा. आतून पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्त. जस्ताचे आटे मऊ असतात, दोन-तीनदा घट्ट केले की झिजतात. शिवाय आपल्या दमट हवेत मुलाम्याला फोड येतात. घन पितळ महाग पडतं, पण सहा खणांना लागून लागून किती लागणार!

पितळ घेताना लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक थर, मारलेला नसेल तर उत्तम. लॅकर कुठेतरी टवका उडून निघतो आणि तेवढ्याच जागी डाग पडतो. बिनलॅकरचं पितळ सगळीकडे सारखं तपकिरी होत जातं, आणि हत्यारपेटीला तोच रंग शोभतो. चकचकीतच हवं असेल तर चिंच आहे, आपल्या ठाण्याचीच पितांबरी आहे. फक्त हँडल काढून घासा. आंबट पाणी सागवानात मुरलं की डाग पडतो. स्क्रूही पितळी किंवा स्टेनलेस घ्या. साधा लोखंडी स्क्रू ओल्या हवेत लाकडाला काळं वर्तुळ देतो आणि ते पॉलिशच्या आत गेल्यावर निघत नाही.

मापात बरेच जण फसतात ते असं. तयार हँडलांच्या दोन भोकांमधलं अंतर सहसा 64, 96 किंवा 128 मिमी असतं, म्हणजे 32 च्या पटीत. सोबत येणारा एम4 (4 मिमी जाडीचा) स्क्रू मात्र बहुधा 25 मिमी लांब असतो, कारण तो 18 मिमी प्लायसाठी धरलेला असतो. तुमच्या खणाची पाटी 12 मिमी असेल तर तो स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो, हँडल हलतच राहतं आणि आपण उगाच पिळत बसतो. पाटीची जाडी अधिक साधारण 8 मिमी, एवढीच लांबी हवी. म्हणजे तुम्हाला 20 मिमीचा स्क्रू लागेल. आतल्या बाजूला त्याचं डोकं लाकडात बुडवा, नाहीतर पटाशीची धार त्याच्यावर आपटणार.

रिंगबद्दल. मशिनिस्ट, म्हणजे कारखान्यात यंत्रावर धातूकाम करणाऱ्या लोकांच्या जुन्या पेट्यांना, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या डेटनची गर्स्टनर कंपनी 1906 पासून बनवते तशा, पुढे एक झडप असते. काम सुरू करताना ती काढून खणांच्या खाली सरकवायची. झडप आणि खण यांच्यात फट थोडी असते, तिथे बाहेर आलेला नॉब चालतच नाही. तुमच्या पेटीला अशी झडप असेल तर आधी ती फट मोजा आणि मगच खरेदीला निघा. पाटीत बुडणारी रिंग लावायची तर लाकूड कोरावं लागतं आणि 12 मिमीच्या पाटीत मागे फारच पातळ थर उरतो. शिवाय पेटी रिक्षातून नेताना रिंगा वाजत राहतात. झडप नसेल तर हा खटाटोप कशाला?

अर्ध्या शिंपल्यासारखी कप हँडलं कमरेच्या उंचीवर छान चालतात. पण पेटी जमिनीवर ठेवणार असाल तर खालच्या खणात तळहात वर करून बोटं घालायला मनगट वाकवावं लागतं. पेटी टेबलावर राहणार की खाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवतो.

लेथ असेल किंवा लेथवाल्याशी ओळख असेल तर उरलेल्या सागवानातून किंवा शिसमातून नॉब कातून घ्या. मागे 10-12 मिमीची गोल दांडी ठेवायची, ती पाटीच्या आरपार न्यायची, आतून चीर देऊन पाचर ठोकायची. चीर पाटीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने पाचर गेली की पाटी तडकते. असा नॉब जड खणालाही चालतो, स्क्रूची कटकट नाही आणि पावसाळ्यात गंजायला काही उरत नाही.

खरेदीचं म्हणाल तर घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये तुम्हाला मुख्यतः किचन आणि वॉर्डरोबचा माल दिसेल, तो या कामाचा नाही. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे हार्डवेअरच्या गल्ल्याच आहेत. जुनं, वजनदार पितळ हवं असेल तर चोर बाजार. पण तिथल्या जुन्या हँडलांची भोकं इंचात असतात. तीन इंच म्हणजे 76 मिमी, त्यामुळे 64 किंवा 96 साठी आधीच पाडलेली भोकं जुळणार नाहीत. म्हणून भोकं सगळ्यात शेवटी पाडा. सारखे सहा मिळाले तर आठ घ्या, कारण पुन्हा गेलात तर तो ढीग तिथे असेलच असं नाही.

घरी आल्यावर हँडल दुतर्फी टेपने चिकटवून काही दिवस तसंच बघा. उंच खणावर अगदी मध्यावर लावलेलं हँडल खाली घसरल्यासारखं दिसतं, जरा वर घ्या. जागा ठरली की प्लायच्या तुकड्याचा साचा करून पुढून 4.5 मिमीचं भोक पाडा, मागे भंगार लाकूड दाबून धरा म्हणजे चिरफळ्या उडणार नाहीत. पॉलिश त्यानंतर, आणि हँडलं पॉलिश पूर्ण सुकल्यावर. दिवाळीच्या सुमारास लाकूड सुकून आक्रसतं, तेव्हा सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या.