फ्लोरिडाच्या अपॅलाचिकोला नॅशनल फॉरेस्टमध्ये कॅम्पग्राउंडबाहेर, पाइनच्या जंगलात फुकट तंबू ठोकता येतो का?

हो, येतो, एरवी त्यासाठी पैसेही लागत नाहीत आणि आधी बुकिंगही नाही. नॅशनल फॉरेस्ट ही संघीय सरकारची सार्वजनिक जमीन आहे आणि मनाई केलेली नसेल तिथे असा मुक्काम फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याच्या, नियमांत बसतो. सोयी मात्र शून्य: नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही.

एक मोठी अट मात्र आहे. हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम चालू असला की वाट्टेल तिथे राहता येत नाही, ठरवून दिलेल्या हंट कॅम्पमध्ये (शिकाऱ्यांच्या तळावर) किंवा कॅम्पग्राउंडमध्येच राहावं लागतं. हा हंगाम नेमका थंडीत येतो, म्हणजे डास कमी आणि हवा छान असते तेव्हाच! म्हणून निघण्याआधी रेंजर ऑफिसला फोन करा आणि त्याच फोनवर कुठे जाळ लावणार आहेत तेही विचारा. लाँगलीफ पाइनचं जंगल टिकावं म्हणून तिथे दर काही वर्षांनी मुद्दाम आग लावतात. बुंधे काळे पडलेले दिसले म्हणून घाबरू नका.

जागा निवडताना:
- बुंध्यावर पांढरा पट्टा रंगवलेला असेल तर तिथून लांब राहा. त्या झाडांत दुर्मिळ सुतार पक्ष्यांच्या ढोल्या असतात.
- सखल जागा टाळा, एका पावसात तळं होतं.
- अस्वलं आहेत, खाणं तंबूत ठेवू नका.