कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे काय होते?

प्रश्न : मी बावीस वर्षे ज्या कारखान्यात नोकरी करतो, त्याच्याविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला आहे. पगारपत्रकावर दरमहा पीएफची कपात दिसते, पण पासबुकात गेल्या चौदा महिन्यांची एकही नोंद नाही. बँकांचे कर्ज फिटून काही उरलेच तर कामगारांच्या हाती पडेल, असे सहकारी म्हणतात. हे खरे आहे का? माझे निवृत्तिवेतनही बुडेल का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे थकलेल्या पगाराबाबत अर्धवट खरे आहे, पीएफबाबत मात्र ते चुकीचे आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ३६ नुसार, कंपनी मोडीत निघाली तर भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कर्मचाऱ्यांना देय असलेल्या रकमा विक्रीतून वाटायच्या मालमत्तेत धरल्याच जात नाहीत. त्या रकमा कंपनीच्या नव्हेतच, त्यामुळे बँकांच्या आधी की नंतर हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. आपल्या पगारातून कापून घेतलेली आणि भरलीच नाही अशी रक्कमही याच न्यायाने मागता येते.

निवृत्तिवेतनाची चिंता त्यामानाने कमी करावी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे (ईपीएस) निवृत्तिवेतन कारखाना देत नाही, भविष्य निर्वाह निधी संघटना देते. चौदा महिन्यांचे खिंडार मात्र बुजवून घ्यायला हवे, कारण मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम याच योजनेत जाते.

खरी गुंतागुंत ग्रॅच्युइटीची आहे. अनेक कंपन्या तिच्यासाठी वेगळा निधी राखतच नाहीत, ताळेबंदात नुसती तरतूद दाखवतात. असा निधीच नसेल तर अवसायकाला, म्हणजे मोडीत निघालेल्या कंपनीची मालमत्ता विकून वाटणाऱ्या अधिकाऱ्याला, ती रक्कम इतर मालमत्तेतून बाजूला काढायला सांगता येणार नाही, असे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २०२० मध्ये एका प्रकरणात म्हटले. उलट जेट एअरवेजच्या प्रकरणात, जिथे कंपनी मोडीत न काढता नव्या मालकाकडे सोपवायची योजना होती, त्याच न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्यास सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्याविरुद्धचे अपील फेटाळले. पुढे ती योजनाच बारगळली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला, ही गोष्ट निकाल वाचून हुरळून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेली बरी. म्हणून आपल्या कंपनीचा ग्रॅच्युइटी निधी एखाद्या विमा कंपनीकडे किंवा न्यासाकडे आहे का, हे आधी शोधून काढावे.

थकलेला पगार आणि रजेचे पैसे यांना मात्र रांग आहे. कंपनी मोडीत निघाल्यास प्रथम प्रक्रियेचा खर्च फिटतो. त्यानंतर कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी, तारण स्वतः विकण्याचा हक्क सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने. आणि मग इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची. आपण कामगार की इतर कर्मचारी, हे पदनामावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरते, आणि ‘पर्यवेक्षक’ हा शिक्का बसलेल्यांचा वाद बहुधा इथेच होतो. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर कारखाना चालू असताना आपण प्रत्यक्ष काम केले असेल, तर त्या काळाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात म्हणजे सर्वांत वर येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

पीएफ रांगेबाहेर आहे म्हणून स्वस्थ बसू नये. जाहीर सूचनेतील मुदतीत फॉर्म डी भरून आपला दावा तज्ज्ञाकडे, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, दाखल करावा. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, पगार आणि रजेचे पैसे एकत्र न मिसळता वेगवेगळ्या ओळींत मांडावेत. एकच ठोक आकडा लिहिला की रांगेबाहेरची रक्कमही रांगेत ढकलली जाण्याचा धोका असतो. सोबत त्या चौदा महिन्यांची पगारपत्रके आणि पासबुकाची प्रत महिनावार जुळवून लावावी, आणि तीच कागदपत्रे जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे स्वतंत्र तक्रार करावी. आपले सहकारी त्यांच्या प्रतिनिधीमार्फत फॉर्म ई भरून एकत्रित दावाही करू शकतात, मात्र त्यातही प्रत्येकाचा हिशेब वेगळा दाखवावा लागतो.