तिखटाचा आळ आणि गुडघ्याच्या गोळ्या

‘ताई, गेल्या महिन्यात सासऱ्यांना रक्ताची उलटी झाली. दुर्बिणीतून तपासलं, अल्सर निघाला. आता घरी आहेत. सासूबाई येईल त्याला सांगतात, “सुनेच्या हातच्या तिखटाने पोट जळलं.” मी कोल्हापूरची, तिखट करते हे खरं. आता सगळ्यांनाच अळणी करते, बाबांना दर दोन तासांनी दूध देते. तरी ते ताटावरून उठतात. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणून गोळ्या घ्यायचे, त्याही सध्या बंद, म्हणून चिडचिड. माझी ऐरोलीची नोकरी, रजा संपत आली. सोडून देऊ का?’
– एक सून, कळवा

आधी तुझ्यावरचा आळ. अल्सर तिखटाने होत नाही. तसं असतं तर ठाण्याच्या मामलेदार मिसळीपुढची रांग सरळ सिव्हिलच्या वॉर्डात गेली असती. झालेल्या जखमेवर मीठ चुरचुरतं, पण म्हणून जखम मिठाने झाली असं कुणी म्हणत नाही. तिखटाचं तेवढंच.

हा समज एकेकाळी डॉक्टरांचाही होता. तिखट आणि टेन्शन, झालं निदान. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांना अशा रुग्णांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडला. कुणी मानेना, तेव्हा मार्शल तो जंतू स्वतःच प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ‘एच. पायलोरी’ शोध. तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचार.

दुसरं मोठं कारण तू जाता जाता एका ओळीत लिहून गेलीस. गुडघ्याच्या गोळ्या! डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं दुखणं थांबवतात, पण जठराचं अस्तर आम्लापासून ज्या द्रव्यांमुळे वाचतं तीही कमी करतात. हा परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे ‘गोळी नको, इंजेक्शन द्या’ यानेही सुटका नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना विचारा. आणि बाबांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र घरच्या घरी बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच.

आता दूध. पोटात गेल्यावर गार वाटतं, पण थोड्या वेळाने त्यानेच आम्ल जास्त सुटतं. कपभर प्यावंसं वाटलं तर पिऊ देत, दर दोन तासांनी नको. घरभर अळणी करायचीही गरज नाही. त्यांना जे झोंबतं तेवढं त्यांच्या ताटातून काढ, बाकीच्यांना तुझी आमटी वाढ. वरण-भात, भाकरी, दुधी, मुगाची उसळ, पोटभर पण वेळेवर. तंबाखू किंवा दारू असेल तर ती सुटायलाच हवी. मी वॉर्डात कामाला असताना एक गोष्ट नेहमी बघायचे : नातेवाईक पेजेत जिरं किती घालायचं हे दहादा विचारत आणि पेशंटच्या उशीखाली तंबाखूची पुडी असे.

गोळ्यांचं नीट लक्षात घे. आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल वगैरे, सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. चहा-बिस्किटानंतर दिली तर तिचा निम्मा उपयोग गेला. जंतूसाठी अँटिबायोटिक असतील तर कोर्स पुरा करायचा. तोंड कडू होतं, पोट बिघडतं आणि लोक मध्येच सोडतात. तसं झालं तर डॉक्टरांना फोन करा, पण आपल्या मनाने सोडू नका.

आणि रोज विचारायची गोष्ट, शौचाचा रंग. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली तर आत पुन्हा रक्त जातंय असं समजायचं. लोहाच्या गोळीनेही काळपट होते, पण तशी चिकट नसते. शंका आली तर तपासून घ्यायचं. बाबा हे सुनेला सांगणार नाहीत, फ्लश करून मोकळे होतील. हे विचारायचं काम तुझ्या नवऱ्याचं. त्यालाही कामाला लाव. काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, उभं राहिल्यावर अंधारी, दरदरून घाम, पोटात एकाएकी असह्य कळ, यातलं काही दिसलं की १०८ ला फोन. कुशीवर निजवा, तोंडाने पाणीसुद्धा नको.

सासूबाईंशी मात्र वाद जिंकायला जाऊ नकोस. गुडघ्याच्या त्या गोळ्या बाबांना पाण्याच्या ग्लासासोबत रोज कोण देत असेल? बहुधा त्याच. त्यांनाही हे आतून टोचत असेल, आणि तुझ्या तिखटावर ढकललं की जरा हलकं वाटत असेल. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार : अल्सर कशाने झाला? जठरात आहे की आतड्याच्या सुरुवातीला? (जठरातला असेल तर भरलाय का हे बघायला बहुधा पुन्हा दुर्बीण लागते.) जंतू गेला की नाही याची तपासणी कधी? ती अँटिबायोटिक संपल्यावर निदान चार आठवड्यांनी करतात, आणि त्याआधी पॅन्टोप्राझोल सुमारे दोन आठवडे थांबवावं लागतं, पण डॉक्टर सांगतील तेव्हाच. डॉक्टरांचं उत्तर त्यांनी स्वतः ऐकू देत. दुपारच्या गोळ्यांचा डबाही त्यांच्याकडेच सोपव.

नोकरी सोडू नकोस. चालत्या-फिरत्या माणसाच्या अल्सरला दिवसभर उशाशी बसणारी सून लागत नाही. सकाळची गोळी हातात दे, त्यांचा नाश्ता झाकून ठेव आणि ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठ.