नऊशे फुटांची हिरवळ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

बागेचं तुझं पहिलं स्वतःचं काम आलं, वाचून बरं वाटलं. वाघोलीच्या बाजूचा बंगला, भोवती अकराशे फूट मोकळी जागा आणि मालकांची मागणी एका ओळीची : नऊशे फूट लॉन, कडेनं थोडी फुलझाडं. कोटेशनमध्ये कोणतं गवत, मेक्सिकन धरू की सिलेक्शन वन, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर कोटेशन दोन दिवस थांबव.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. माझं घर लॉनवर चाललं. लावायचे पैसे फुटावर, वर महिन्याच्या देखभालीचे वेगळे. आंब्याचं कलम लावलं आणि दोन उन्हाळे काढले की त्याला आपली फारशी गरज उरत नाही. लॉनचं तसं नसतं. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवा, लव्हाळा गाठींसकट उपटा, हुमणीची अळी मुळं खाऊन चट्टे पाडते तिच्यामागे लागा, खत द्या, वर गाळलेली माती पसरा. त्यामुळे आपल्या धंद्यातला माणूस गिऱ्हाइकाला ‘लॉन नको’ असं सहसा म्हणत नाही. मीही पंधरा-सोळा वर्षं म्हटलं नाही.

मग म्हणायला कधी लागलो, तेही सांगतो. एका निवृत्त गृहस्थांच्या घरामागे लॉन लावलं होतं. दक्षिणेला शेजारची तीन मजली इमारत, वर जुना आंबा. गवताला दिवसाचे पाच-सहा तास तरी सरळ ऊन लागतं, हे मला माहीत होतं. तिथे हिवाळ्यात दोन तास मिळत नव्हतं. तरी लावलं, कारण त्यांना हवं होतं आणि मला काम हवं होतं. फेब्रुवारीपर्यंत निम्मं विरळ झालं, खाली शेवाळ. पुन्हा गवताची तयार गादी आणून अंथरली, पुन्हा पैसे घेतले. तेही गेलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ते चिडले नव्हते, उलट मलाच विचारत होते, ‘आमचं पाणी द्यायचं काही चुकतं का हो?’ चूक माझी आणि अपराधी ते, हे काही मला सोसलं नाही. तिथे शेवटी फरशी घातली, सावलीत नेचे आणि मनीप्लँट लावला, एक बाक ठेवला. मजुरी घेतली नाही, पण आधीचे पैसे परत केले असंही नाही. ते करायला हवं होतं.

आता तुझ्या बंगल्याकडे येऊ. पहिलं पाणी. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हा हिशेब पाठच ठेव. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर लागतात. नऊशे फूट म्हणजे ८४ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे रोजचे ४२० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, असा आपला सरकारी निकष आहे. तेव्हा हे लॉन म्हणजे घरात तीन पाहुणे येऊन राहिल्यासारखं आहे, आणि ते उन्हाळ्यातच येतात. दोन महिन्यांचं २५ हजार लिटर होतं, दहा हजारी टँकर धरलास तर अडीच. आणि हे मोजूनमापून दिलं तर. पाइप लावून फोनवर बोलणारा माणूस किती ओततो ते तू माझ्याबरोबर पाहिलं आहेस.

त्या भागात उन्हाळ्यात टँकर येतात, हे मालकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण टँकर आणि लॉन या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. त्या जोडून दाखवणं तुझं काम. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, मैदानांवर ओतायच्या पाण्यावरूनच. तू तेव्हा शाळेत असशील. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या किती तरी लॉनचं पाणी मालकांनी आपणहून तोडलं. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे सिलेक्शन वन होतं त्यांचं जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांत बरंचसं परत हिरवं झालं.

होणारच. सिलेक्शन वन म्हणजे दुसरं काय, निवडून वाढवलेली आपली हरळी! शेतकऱ्याच्या सात पिढ्या जिला नांगरून, वेचून, बांधावर वाळवून, तरी संपवू शकल्या नाहीत, तिची आपण फुटावर किंमत लावतो. हरळी उन्हाळ्यात मरत नाही, पिवळी पडून खाली दम धरून बसते. मेक्सिकनची गादी दिसायला मऊ, उशीसारखी फुगते, कापायचीही घाई नसते, पण पाणी तोडलंस तर ती हरळीइतकी चिवट नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवंच असेल तर ते हे : सिलेक्शन वन. पण नऊशे फूट नव्हे.

लोकांना लॉन का हवं असतं, यावर मी बराच विचार केला आहे. इंग्लंडमध्ये ते जमीनदारांच्या वाड्यांपुढे आलं. एवढी जमीन आहे आणि तिच्यावर काही पिकवायची गरज नाही, हे त्यातून दिसायचं. मेंढ्या चारून आणि विळ्यांनी कापून ते राखत. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसानं तिकडे गवत कापायचं यंत्र काढलं आणि मग मध्यमवर्गाच्या दारातही लॉन आलं. आपल्याकडे ते आलं कँपातल्या बंगल्यांतून आणि जिमखान्यांतून, माळी आणि पखालवाले यांच्या जिवावर. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर आणि पुण्याचा ७०० च्या वर. म्हणजे पाऊस आपलाच जास्त! पण त्यांचा बाराही महिने थोडा थोडा झिरपतो, हवा गार, ऊन सौम्य. आपला बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि पुढचे आठ महिने आपण पाइप धरून लंडनची नक्कल करतो. आता तर आपल्याकडे लग्नाच्या हॉलच्या मैदानालाही ‘लॉन्स’ म्हणतात. आत शिरल्यावर मांडवाखाली हिरवं कार्पेट असतं, गवताचं पातं शोधून सापडत नाही.

तेव्हा मालकांकडे चहाला जाशील तेव्हा आधी हे विचार : तुमच्यापैकी जमिनीवर शेवटचं कोण आणि कधी बसलं? रांगणारं मूल आहे का? सकाळी अनवाणी चालणारे आजोबा? कुत्रा? उत्तर ‘हो’ असेल तर लॉन द्यायला माझी हरकत नाही. चालायला-लोळायला गवतासारखं दुसरं काही नाही, पेव्हर ब्लॉकपेक्षा ते घरही गार ठेवतं आणि सकाळी त्यात चोच खुपसत हुदहुद्या फिरतो तो पाहिला की मीसुद्धा विरघळतो. पण दीडशे-दोनशे फूट पुरतं. तेवढ्याला रोज ७०-९० लिटर लागतील, आरओचं फेकलं जाणारं पाणी साठवलं तर त्यातलं थोडं तरी निघेल. उत्तर ‘नाही, पण खिडकीतून बरं दिसेल’ असं आलं, तर खिडकीतून बरं दिसणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मी असतो तर दर्शनी बाजूला अंगण केलं असतं. मुरूम नीट दाबून, वर बारीक खडी, ढाळ कडेच्या शोषखड्ड्याकडे. चालायच्या वाटेवर शहाबादी फरश्या, दोन फरश्यांत तीन बोटं जागा सोडून त्यात हरळी. ती तिथे फरशीच्या गारव्यावर राहते. तुळस दारासमोर येतेच, ती सांगावी लागत नाही. पारिजातक अशा ठिकाणी लाव की खाली झाडून घेतलेली जमीन असेल. गवतात पडलेली त्याची फुलं वेचता येत नाहीत, हे लोकांना झाड मोठं झाल्यावर कळतं. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली मोगरा, पश्चिमेच्या भिंतीवर जुई किंवा मधुमालती, म्हणजे भिंत तापायची कमी होईल. मागे मोरीचं पाणी येतं तिथे कर्दळ, अळू, केळ. मात्र कपड्यांच्या पावडरीचं पाणी वेगळं काढ. कढीपत्ता, लिंबू, गवती चहा हे स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांत असलं तरच वापरलं जातं. उरलेल्या मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन चार बोटं जाड. आणि हिरवं पसरलेलं काही हवंच म्हणाले तर एका कोपऱ्यात जलपिंपळी करून बघ. पायाखाली टिकते आणि बारीक फुलांवर मधमाश्या येतात. वेडेलिया मात्र लावू नकोस, कितीही स्वस्त मिळो. ती कुंपण ओलांडून ओढ्यापर्यंत जाते आणि मग कुणाच्या बापाला ऐकत नाही.

प्लास्टिकच्या लॉनबद्दल विचारतीलच. मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्यावर अनवाणी उभं राहायला सांग, बाकी काही बोलू नकोस.

एक तुकडा, शंभरेक फुटांचा, मागच्या कुंपणाजवळ तसाच ठेव. काही लावू नकोस. पहिल्या पावसानंतर तिथे केना येईल, टाकळा येईल, नशिबानं तेरडा. टाकळ्याची भाजी कोवळी असताना करतात, ते मालकीणबाईंना माहीत असेल कदाचित. गणपतीच्या दुर्वा आणि पत्री घरचीच होईल. आणि गवताला बी धरू दिलं तर मुनिया येतात. दर आठ दिवसांनी कापलेल्या लॉनवर मुनियांना खायला काही नसतं. नोव्हेंबरात ते सगळं वाळेल, तेव्हा कापून आच्छादनाला घाल. हा तुकडा मालकांना लगेच पटणार नाही, ‘हे काय, रान?’ म्हणतील. कडेनं नीट विटांची ओळ लावलीस की तेच रान मुद्दाम राखल्यासारखं दिसतं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यांत स्वस्त युक्ती आहे.

पैशाचं बोलू या, कारण तुला हप्ते आहेत. नऊशे फूट लॉन सोडलंस तर कोटेशन खाली येईल. म्हणून फुटावर दर लावूच नकोस. आराखड्याचे वेगळे पैसे घे आणि ते मागताना खाली बघू नकोस. दोन चित्रं काढून ने : एक त्यांनी सांगितलेलं, एक तुझं. दोन्हींच्या खाली लावायचा खर्च, महिन्याची देखभाल आणि मे महिन्याचं पाणी, असे तीनच आकडे लिही. मग गप्प बस. त्यांनी पहिलं निवडलं तर तेही मन लावून कर, बंगला त्यांचा आहे. फक्त ऊन नसेल तिथे लावू नकोस, मग ते कितीही मागे लागोत.

रविवारी जाशील तेव्हा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावली कुठपर्यंत येते ते खडूनं आखून फोटो पाठव. बोअरचं पाणी किती फुटांवर आहे आणि मागच्या मेमध्ये आटली होती का, हेही विचार. खड्डा एक तरी खणून बघ, बिल्डरनं वरून लाल माती पसरून खाली राडारोडा पुरलेला असतो. आणि उरुळी कांचनकडे रोपं आणायला जाशील तेव्हा माझ्यासाठी एक पारिजातक आण. आमचा गेल्या पावसात पडला, तुझ्या काकू अजून रोज सकाळी त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभ्या राहतात.

तुझा,
काका