विष घेतलेला रुग्ण आणल्यावर डॉक्टर लगेच पोट का धुवत नाहीत?

तुम्ही लिहिलंय, "भावाला नेलं तेव्हा पोट धुवायचं सोडून डॉक्टर ऑक्सिजन आणि सलाईन लावत बसले." तुमची तगमग समजते. मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे, आणि हा प्रश्न मला दाराशीच ऐकू येतो.

विषबाधेचा रुग्ण आधी जातो तो बहुतेकदा श्वास अडकल्यामुळे. बेशुद्धीत जीभ मागे पडते, उलटी फुप्फुसात उतरते. अशा माणसाच्या पोटात नळी घालून पाणी सोडलं तर तेच पाणी छातीत जाऊ शकतं. म्हणून आधी श्वासाची वाट मोकळी करायची, मग नाडी, रक्तदाब, बोट टोचून साखर. हे करता करताच विषाचा माग लागतो.

उदाहरणार्थ, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घामाने भिजलेली चादर, नाडी मंद, छातीत घरघर. इथे ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा, आणि गुण येईना तर दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं. छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत मी स्टेथोस्कोप खाली ठेवत नाही. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेणं ही चूक मी पाहिली आहे. फुप्फुसं तेव्हाही पाण्याने भरलेली असू शकतात. विषाने भिजलेले कपडेही काढावेच लागतात, कारण ते कातडीतूनही भिनतं.

पोट धुण्याचा उपयोग झालाच तर पहिल्या तासाभरात, तोही मोजक्या रुग्णांना. ॲसिड किंवा रॉकेल प्यायलं असेल तर उलटी करवणंही घातक. घरी मिठाचं पाणी पाजू नका, कळकळीने सांगते.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती एकदम ढीगभर घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची. रुग्ण पहिला दिवस नीट बोलतो, नातेवाईक म्हणतात, "बरा आहे, घरी नेतो." यकृत मात्र आतून निकामी होत असतं. गोळ्या घेतल्यापासून ४ तासांनी रक्तातली पातळी तपासतात, आणि ८ तासांच्या आत ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा सुरू झाला तर यकृत बहुतेक वेळा वाचतं. त्यामुळे किती वाजता घेतलं, हे न लपवता सांगा. आणि बाटली किंवा रिकामी स्ट्रिप सोबत आणा, कचऱ्यात टाकली असेल तर शोधून आणा.