माळ्यावर सामान आहे आणि वर पत्रा तापतो

प्रश्न : दहा बाय वीसची पत्र्याची खोली आहे. पूर्ण खोलीवर फळ्यांचा माळा असून तिथे गाद्या, जास्तीची भांडी, गव्हाची कोठी ठेवतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीत बसवत नाही. फळ्यांवर थर्माकोल अंथरून त्यावर सामान ठेवले तर?
— एक वाचक, जामनेर (जि. जळगाव)

उत्तर : नको. खोली थोडी निवेल, पण माळा आताहून जास्त तापेल, कारण पत्र्याची धग खाली उतरायची वाट बंद होते. त्या धगीत प्लॅस्टिकचे डबे वाकडे होतात आणि गाद्यांचा फोम लवकर कडक पडतो. कोठीच्या पायांखाली थर्माकोल चेपून त्याचा भुगा होतो, उंदीर पोखरतात ते वेगळेच. शिवाय तो वायरीला टेकून राहिला, की वायरीचे पीव्हीसी आवरण काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकते. ही गोष्ट फार कमी वायरमन सांगतात.

उष्णता अडवणारा थर घालायचा तो पत्र्याखाली. मग माळाही वापरता येतो.

त्याआधी गळती काढा. जे-हुकांचे (पत्रा पाइपाला धरून ठेवणाऱ्या वाकड्या हुकांचे) वायसर बदला आणि पत्र्यावर पाइपने पाणी मारून बघा, कारण थर बसला की गळती कुठून होते ते दिसत नाही. मग पत्र्याला वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, दोन हात. गंज तारेच्या ब्रशने काढा. चकचकीत जस्ती पत्र्यावर रंग धरत नाही, त्याला आधी जस्ती पत्र्यासाठीचा खास प्रायमर लागतो. चुना स्वस्त आहे, पण पावसात धुऊन जातो. हातात पैसे कमी असतील तर यंदा एवढेच करा.

आता आतले काम. तुमच्या खोलीला वाया जाणारे धरून साधारण २३५ चौरस फूट माल लागेल, म्हणजे चार फुटी पन्ह्याचे दुहेरी चकचकीत बबल फॉइल (हवेच्या फुग्यांचे प्लॅस्टिक, दोन्ही अंगांना चकचकीत पत्री) सुमारे ६० फूट. पत्र्याखालच्या आडव्या पाइपांच्या खालच्या अंगाने ते ताणून बांधा. पत्रा आणि फॉइल यांत निदान एक इंच हवा राहिलीच पाहिजे. बहुतेकांचे काम इथेच फसते. तापलेला पत्रा धग फेकतो आणि चकचकीत पृष्ठभाग ती अडवतो, पण समोर मोकळी हवा असेल तरच. फॉइल पत्र्याला चिकटवले, की धग स्पर्शानेच आत येते आणि पैसे पाण्यात. जोड दोन इंच चढवून अॅल्युमिनियम टेप लावा, म्हणजे थंडीत पहाटे स्वयंपाकाची वाफ पत्र्याखाली जमून गादीवर ठिबकणार नाही.

याहून जास्त फरक हवा असेल तर फॉइलच्या वर, पाइपांच्या मध्ये ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरा. तेव्हाही वरची इंचभर फट सोडाच. आधार म्हणून खालून कोंबडीजाळी मारा. ग्लासवूल दाबून भरू नका, दाबले की त्यातली हवा जाते आणि कामही. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

वळचणीला आणि आढ्याला हवेसाठी फट ठेवा, त्यावर पाव इंची जाळी, म्हणजे उंदराचे पिल्लूही शिरणार नाही. वायरी पाइपमधून, थराच्या खालून न्या. सामान थरापासून सहा इंच लांब ठेवा. कोठी फळ्यांच्या मधोमध नको, भिंतीलगत तुळईवर ठेवा.

प्रश्न : आमचा पत्रा सिमेंटचा, जुना आहे. हेच करता येईल?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : करता येईल, पण पत्र्याला हात न लावता. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. त्याला भोक पाडू नका, घासू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. फॉइलसाठी लाकडी पट्ट्यांची चौकट भिंतींवर स्वतंत्र उभी करा. रंग द्यायचाच असेल तर पत्रा फक्त पाण्याने ओला करून शेवाळ ओल्या फडक्याने हलकेच पुसा. वर चढताना पाय थेट पत्र्यावर नको, जुना पत्रा एकदम फुटतो. खालच्या पाइपांवर येईल अशी आडवी फळी टाका आणि त्या फळीवरूनच चाला.